तुक्तमिशेवाची कारकीर्द मोजा : रशियाच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. मिखाइल देगत्यारेव यांस,
क्रीडामंत्री, रशिया, तथा अध्यक्ष, रशियन ऑलिंपिक समिती

सादर नमस्कार.

हे पत्र महाराष्ट्रातून येतंय याचं आपल्याला नवल वाटेल. आमच्याकडे फिगर स्केटिंगचा प्रेक्षक थोडा. ऑलिंपिकच्या पंधरवड्यात वर्तमानपत्रांतून कुठे चार ओळी छापून येतात, तेवढंच. पण जे हा खेळ बघतात ते रात्र रात्र जागून बघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही गोडी तुमच्याच देशाच्या स्केटर्सनी लावलेली असते. मलाही त्यांनीच लावली. मंत्रालय आणि ऑलिंपिक समिती, दोन्ही आज आपल्या हाती आहेत, म्हणून हे आपल्यालाच लिहिते आहे.

विषय एलिझावेता तुक्तमिशेवाचा आहे. २०१२ च्या युवा ऑलिंपिकमधलं सुवर्ण सोडलं तर तिच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही, कारण मोठ्या ऑलिंपिकच्या बर्फावर ती कधी उतरलीच नाही. तरी गेल्या पंधरा वर्षांत रशियाच्या महिला स्केटिंगमध्ये सगळ्यांत मोलाची कारकीर्द कोणाची, असं कुणी विचारलं तर मी तिचंच नाव घेईन. ती इतकी वर्षं कशी टिकली, याचा विचार आपल्या व्यवस्थेने कधी केला नाही. आजवर ज्या मुली सतराव्या-अठराव्या वर्षी संपल्या, त्यांच्याबद्दलचा सगळा खुलासा तुक्तमिशेवाच्या कारकिर्दीत शोधला तर सापडेल.

तिचा जन्म १७ डिसेंबर १९९६ चा, उद्मुर्तियातल्या ग्लाझोव गावचा. पहिल्या प्रशिक्षक स्वेतलाना वेरेतेन्निकोवा. पुढे अलेक्सेइ मिशिन यांनी तिला हाताशी घेतलं. मिशिन सेंट पीटर्सबर्गला आणि ही हजार किलोमीटरहून लांब, त्यामुळे लहानपणीची किती तरी वर्षं रेल्वेने ये-जा करण्यात गेली. उर्मानोव आणि प्लुशेंको या मिशिन यांच्या दोन शिष्यांनी ऑलिंपिक जिंकलं, हे आपल्याला मी सांगायला नको. २०११ च्या शरदात, चौदाव्या वर्षी, तुक्तमिशेवाने सीनियर गटातल्या पहिल्याच हंगामात कॅनडा आणि फ्रान्स अशा दोन्ही ग्रांप्री, म्हणजे दर हंगामातल्या मानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, जिंकल्या. डिसेंबर २०१२ मध्ये ती राष्ट्रीय विजेती होती. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच राष्ट्रीय स्पर्धेत ती दहावी आली. सोची ऑलिंपिक दोन महिन्यांवर, तेही मायदेशात, आणि ती संघाबाहेर. शरीर वाढत होतं. हलक्या शरीराने बसवलेल्या उड्या वाढत्या शरीराला नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्याला वेळ लागतो. तिच्या वयाच्या बहुतेक मुलींना तो वेळ कुणी देत नाही. मिशिन यांनी दिला.

पुढच्याच हंगामात तिने बार्सिलोनाची ग्रांप्री फायनल, स्टॉकहोमची युरोपियन स्पर्धा आणि मार्च २०१५ मध्ये शांघायची जागतिक स्पर्धा जिंकली. शांघायला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, तिने ट्रिपल अॅक्सेल मारली. तोवर जगात मोजक्याच स्त्रियांना ती जमली होती.

या उडीपाशी थोडं थांबते, कारण माझं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. अॅक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात. डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार, उजवा पाय मागून पुढे झोकाने वर, आणि उतरायचं मात्र पाठमोरं. म्हणून नावाला तीन फेऱ्या असल्या तरी प्रत्यक्षात साडेतीन भरतात. तुक्तमिशेवाची अॅक्सेल हळू गतीने बघा. तिला घाई नसते. गुडघा खोल वाकतो, पातं बर्फात रुततं, ती आधी वर जाते आणि वर गेल्यावरच हात छातीशी आवळते. बर्फावरच अर्धी फेरी उरकून घेण्याची चोरी तिच्यात नाही. उतरताना घोटा, गुडघा, कंबर एकामागोमाग एक भार झेलतात आणि ती लांब कमानीत वाहत जाते. ही उडी भरलेल्या अंगाच्या बाईची आहे. मांड्यांत ताकद आहे आणि तंत्र पक्कं आहे, म्हणून ती अठराव्या वर्षी जमली आणि चोविसाव्या वर्षीही जमली.

मधला काळ वाईट होता. जागतिक विजेती होऊन वर्ष सरलं नाही तोच ती संघाबाहेर गेली. तिच्याहून लहान मेदवेदेवा आली, मग झागितोवा आली. २०१८ च्या ऑलिंपिकलाही तुक्तमिशेवा नव्हती. एकविसाव्या वर्षी, दोन ऑलिंपिक हुकल्यावर, कुणीही बूट खुंटीला टांगले असते आणि त्यात गैर काही नव्हतं. तिने त्या शरदात ट्रिपल अॅक्सेल परत आणली, स्केट कॅनडा जिंकली, ग्रांप्री फायनलमध्ये कांस्य मिळवलं. डिसेंबरात न्यूमोनियाने रुग्णालयात जावं लागलं, राष्ट्रीय स्पर्धा बुडाली आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेसाठी तिची निवड झाली नाही. तीनच जागा असतात, हे मान्य आहे. पण आजारी पडलेल्या एका जागतिक विजेतीसाठी त्या व्यवस्थेत जरासुद्धा जागा नव्हती, हे तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

मग मार्च २०२१, पुन्हा स्टॉकहोम. कोविडमुळे रिकाम्या खुर्च्या. रशियाच्या तिघींनी तिन्ही पदकं घेतली. पहिली श्चेर्बाकोवा, वय १६. तिसरी त्रुसोवा, वय १६. या दोघींच्या मधे तुक्तमिशेवा, वय २४. जागतिक पदकांमध्ये सहा वर्षांचं अंतर आणि गुण २२०.४६, म्हणजे शांघायला सुवर्ण मिळालं तेव्हापेक्षा दहा जास्त. मिशिन त्याच महिन्यात ८० वर्षांचे झाले होते. मंत्रिमहोदय, ज्या देशात ‘मुली सतराच्या पुढे टिकत नाहीत’ हे निसर्गनियमासारखं बोललं जातं, त्या देशाची एक बाई चोविसाव्या वर्षी जगात दुसरी आली. त्या आठवड्यात तरी मंत्रालयाने विचारायला हवं होतं, की पीटर्सबर्गच्या त्या रिंकवर असं काय केलं जातं जे इतरत्र केलं जात नाही?

विचारलं नाही, कारण पुढची रांग तयार होती. त्या रांगेतली नावं मला तोंडपाठ आहेत आणि आपल्यालाही असणार. युलिया लिपनित्स्काया सोचीला पंधरा वर्षांची होती. लाल पोशाखातली ती मुलगी सांघिक सुवर्ण देऊन गेली आणि २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, अॅनोरेक्सियावर उपचार घेऊन तिने खेळ सोडला. आजाराबद्दल ती स्वतः उघड बोलली, तेही कुणावर चिखल न उडवता. अलिना झागितोवा पंधराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली आणि सतराव्या वर्षी स्पर्धेबाहेर गेली. श्चेर्बाकोवाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला सुवर्ण जिंकलं ते सतराव्या वर्षी, त्यानंतर ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसली नाही. त्याच रात्री रौप्य मिळालेली त्रुसोवा, मला हा खेळ नको, पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाही, असं ओरडत रडत होती. सगळ्या जगाने ते ऐकलं.

आणि कामिला वालियेवा. फ्री स्केट, म्हणजे दुसरी लांब फेरी, आणि एकूण गुण यांचे विश्वविक्रम तिने २०२१ च्या शरदात रचले होते. डिसेंबर २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या नमुन्यात ट्रिमेटाझिडीन हे हृदयविकाराचं औषध निघालं, निकाल आला बीजिंगच्या सांघिक स्पर्धेनंतर. पंधरा वर्षांच्या त्या मुलीला १७ फेब्रुवारी २०२२ ला एकटीला बर्फावर सोडण्यात आलं. ती पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली, आणि कडेला आल्या आल्या पाठीवर हात पडण्याआधी ‘लढणं का सोडलंस’ हा प्रशिक्षकाचा सवाल तिच्यावर आला. कॅमेऱ्यांनी तो टिपला आहे. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली, २५ डिसेंबर २०२१ पासून मोजून. शिक्षा भोगली ती तिने. औषध तिच्या शरीरात कसं गेलं याबद्दल आजोबांच्या गोळ्यांची कहाणी लवादापुढे मांडली गेली आणि लवादाला ती पटली नाही. मग मोठ्या माणसांपैकी जबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या देशातल्या एकाही संस्थेने जनतेला दिलेलं नाही. पंधराव्या वर्षी मुलगी स्वतः औषधांच्या दुकानात जाऊन हृदयविकाराच्या गोळ्या आणत नसते.

हे एका प्रशिक्षकाच्या डोक्यावर फोडून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. मॉस्कोच्या ज्या ‘ख्रुस्ताल्नी’ रिंकवर या मुली घडल्या, तिथे जे घडलं ते, औषधाचा प्रकार सोडला तर, नियमांच्या चौकटीत राहून घडलं, आणि नियमांनी त्याला बक्षीसच दिलं. अरुंद खांदे, न रुंदावलेली कंबर आणि कमी वजन असलं की शरीर हवेत भराभर फिरतं. चार फेऱ्यांच्या उडीला पाऊण सेकंदही मिळत नाही, तेवढ्यात जे काय फिरायचं ते फिरायचं. तेराव्या वर्षी हे शक्य असतं. त्रुसोवाने २०१८ च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत, तेराव्या वर्षीच, ते करून दाखवलं. पंच गुण देतात, गुणांनी पदक येतं, पदकाने प्रशिक्षकाला पदवी आणि मान मिळतो, मानाने पालक रांग लावतात, आणि रांग मोठी असली की मोडलेल्या पाठीची मुलगी जपायची गरजच उरत नाही. मल्लखांब-जिम्नॅस्टिक्सच्या वर्गांबाहेर उभे असलेले आमचे पालकही मला या जागी दिसतात. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये सीनियर गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं. चांगलं झालं, पण त्याने सगळं भागत नाही. सतराव्या वर्षी जगापुढे येणाऱ्या मुलीच्या गुडघ्यांचं आणि जेवणाचं काय व्हायचं ते त्याआधीच्या सहा वर्षांत होऊन गेलेलं असतं. ती सहा वर्षं तुमच्या रिंकवर, तुमच्या नियमांत जातात.

युक्रेनवरच्या आक्रमणामुळे मार्च २०२२ पासून तुमचे स्केटर्स आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होते. ती बंदी मला योग्य वाटते आणि तो या पत्राचा विषय नाही. पण परतीची वाट उघडू लागली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगला झालेल्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत रशियाची अदेलिया पेट्रोस्यान तटस्थ खेळाडू म्हणून पहिली आली. मागून आणखी मुली येतील. त्या जगापुढे येण्याआधी काही गोष्टी आपण कराव्यात.

‘रशियाचे गुणवंत प्रशिक्षक’ ही पदवी आपलं मंत्रालय देतं. ती शिष्यांच्या पदकांवर ठरते. त्यात एक अट घाला, की पदक मिळाल्यानंतर ती शिष्या किती हंगाम खेळली आणि कोणत्या प्रकृतीने खेळ सोडून गेली, हेही मोजलं जाईल. या एका ओळीने रिंकवरचा हिशेब बदलेल. मुलगी टिकवण्यात प्रशिक्षकाचा लाभ असला तर मुली टिकतील. आज तो त्यांना बदलत राहण्यात आहे.

दुसरं, अठराच्या आतल्या स्केटरचा डॉक्टर प्रशिक्षकाच्या हाताखाली नसावा. त्याचा पगार, नेमणूक, बदली काहीही प्रशिक्षकाच्या शब्दावर ठरता कामा नये. वजनाची वही प्रशिक्षकाकडे नसावी, ती त्या डॉक्टरकडेच राहावी. पाळी थांबली आहे का, हाडांना बारीक चिरा आहेत का, हे बघून ‘आज उडी नाही’ असं सांगायचा आणि ते ऐकून घ्यायला लावायचा अधिकार त्याला असावा.

तिसरं, वालियेवाभोवतीच्या मोठ्या माणसांची चौकशी होऊन तिचा अहवाल छापला जावा. निष्कर्ष काहीही असो, तो वाचायला मिळाला पाहिजे. वालियेवाची बंदी सरली आहे आणि तिच्या पुढच्या आयुष्याला या उत्तराची गरज आहे.

‘पदकं तर आली ना,’ असं आपले सल्लागार म्हणतील. आली. पण त्याच बीजिंगमध्ये, तुमच्या मुली समोर असताना, जपानच्या काओरी साकामोतोने एकही क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांची उडी, न मारता एकविसाव्या वर्षी कांस्य नेलं, आणि २०२२ पासून सलग तीनदा ती जगज्जेती झाली. त्या तीन स्पर्धांत तुमच्या मुली नव्हत्या, हे मी विसरलेले नाही. तरी तिच्या वेगाकडे आणि त्या लांब, खोल कडांकडे बघून मला वाटतं, हे पीटर्सबर्गला व्हायला हवं होतं. अमेरिकेची अॅलिसा लिऊ सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली, मन भरेपर्यंत दूर राहिली, आपण होऊन परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. परत यावंसं वाटेल अशा अवस्थेत मुलीला जाऊ देणं, हेही प्रशिक्षणच आहे.

तुमच्याकडे तर उदाहरण घरातच आहे. हे नियम ठरवायला समिती नेमाल तेव्हा तीत तुक्तमिशेवाला बोलवा. मेदवेदेवाला आणि लिपनित्स्कायाला, त्यांची इच्छा असेल तर, बोलवा. अधिकाऱ्यांनी आधी त्यांचं ऐकावं आणि मग मसुदा लिहावा. ग्लाझोवच्या वेरेतेन्निकोवा बाईंनाही विचारावं, कारण तुक्तमिशेवाच्या पायांत जे पक्कं बसलं त्याची सुरुवात त्यांच्या हाताखाली झाली, आणि छोट्या गावच्या पहिल्या प्रशिक्षकाला राजधानीत कुणी सहसा विचारत नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
महाराष्ट्रातली एक स्केटिंगप्रेमी