द्रासच्या युद्धस्मारकाला भेट : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

लडाख सहलीतलं कारगिल युद्धस्मारक कारगिल शहरात नाही. ते तिथून साधारण ६० किलोमीटरवर, द्रासला आहे. जाता जाता पाहून घेऊ, असं कृपया कुणी धरू नये. निदान दोन तास तिथेच थांबायचं आहे.

स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे. १३ जून १९९९ ला आपल्या सैन्याने तोलोलिंग परत घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. भिंतीवर हुतात्म्यांची नावं कोरली आहेत. ती सावकाश वाचा, मग मान वर करून तो उघडा, उभा डोंगर पाहा. शत्रू माथ्यावर आणि आपले जवान खालून चढताहेत, म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. संग्रहालयाच्या दालनाला कॅप्टन मनोज पांडे यांचं नाव दिलं आहे. खालुबारला त्यांना वीरमरण आलं तेव्हा ते २४ वर्षांचे होते. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

आधारकार्ड किंवा दुसरं ओळखपत्र जवळ हवंच. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागेल. द्रासची उंची सुमारे १०,८०० फूट आहे, त्यामुळे दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावं. जुलैतही जाड स्वेटर लागतो. २६ जुलैला विजय दिनाची गर्दी असते, म्हणून ती तारीख आपण टाळली आहे.

आतमध्ये फोन बंद ठेवा. नावं रविवारपर्यंत कळवा.