दिग्याला पत्र, कालगुर्लीची खाण बघून आल्यावर

नाशिक, रविवार

प्रिय दिग्या,

खिशात काय आणलंस म्हणून फोनवर हसत होतास ना, तर काही आणलं नाही, कारण तिथं सोनं दिसतच नाही भो. ताईच्या सुमितकडे गेलो होतो, पश्चिम ऑस्ट्रेलियात, वाळवंटाच्या काठावर कालगुर्ली म्हणून गाव आहे तिथं. गावाला लागूनच सुपर पिट, म्हणजे उघड्यावर खणलेली सोन्याची अवाढव्य खाण. काठावर लोकांना बघायला जागा केलीय, तिथं जाळीला नाक लावून बराच वेळ उभा राहिलो आणि दिसला फक्त लाल-करडा दगड. खड्डा साडेतीन किलोमीटर लांब, दीड रुंद, सहाशे मीटरच्या वर खोल, पायऱ्या पायऱ्यांचा, आणि त्यातून डंपर चढतायत तर चढतायतच, एक वर येईपर्यंत माझा चहा संपला.

आता तू सराफाचा नातू, हिशोब कर. एका डंपरमध्ये सव्वादोनशे टन दगड. बरा दगड असला तर टनाला दीड-दोन ग्रॅम सोनं. म्हणजे डंपरमागे चाळीसेक तोळे, ते पण डंपर मालाचा असेल तर, कारण बहुतेक डंपर नुसता बिनकामाचा दगड नेऊन ढिगावर ओततात. आणि माल कुठला, टाकाऊ कुठला हे दगड ठरवत नाही, भाव ठरवतो! भाव चढला की काल टाकलेला दगड आज दळायला परवडतो. मला तर आपल्या सराफ बाजारातले झारेकरीच आठवले, तुझ्या आजोबांच्या दुकानापुढची धूळ नि गटारीतला गाळ पाटीत घेऊन घोळवत बसायचे ते. धंदा तोच, फक्त इथं धुळीच्या जागी अख्खा डोंगर आहे.

सुरुवात 1893 च्या जूनमध्ये. पॅडी हॅनन, फ्लॅनगन आणि शे असे तीन आयरिश गडी, घोड्याचा नाल निघाला म्हणून थांबले आणि तिथंच सोनं सापडलं असं सांगतात, नालाचं खरंखोटं देव जाणे. मग जी झुंबड उडाली ती उडाली. पण मजा पुढंय. तिथलं बरंचसं सोनं टेल्युरियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याबरोबर जोडलेलं, बघून वाटेल पिवळट खोटं सोनंच, म्हणून लोकांनी ते फेकून दिलं, रस्त्यातले खड्डे बुजवले, बांधकामात घातलं. 1896 मध्ये कळलं की अरे हे तर सोनंच, मग त्याच लोकांनी रस्ते उकरले! आपली महापालिका रस्ते उकरते त्यात निदान पाईप तरी निघतात.

पण मला खरी खाण बघायला मिळाली ती पाण्याच्या गोष्टीत. तू मनमाडला आत्याकडे राहिलायस, तुला वेगळं सांगायला नको, नळाला पाणी कधी येणार यावर घराचं सगळं वेळापत्रक. तिथं तर नदी नाही, विहिरीचं पाणी समुद्रापेक्षा खारट. मग लाकडं जाळून खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करून पाणी विकायचं, गॅलनवर भाव. टायफॉइडने माणसं गेली. तेव्हा सी. वाय. ओकॉनर नावाच्या सरकारी इंजिनिअरने ठरवलं की पर्थजवळ धरण बांधायचं आणि तिथून 530 किलोमीटर पोलादी पाईपलाईन टाकून पाणी वर चढवायचं, आठ पंपिंग स्टेशनं, वाफेवर चालणारे पंप. आपण अंबडला पंपाचेच पार्ट करतो म्हणून मला याची जास्त किंमत वाटते, तीनशे मीटरच्या वर चढ आणि एवढ्या लांबीत पाईपचं घर्षण, त्या काळात! पेपरवाले आणि पुढारी त्याच्या मागं हात धुऊन लागले, पैसे खाल्ले, पाणी पोचणारच नाही वगैरे. मार्च 1902 मध्ये त्याने स्वतःला संपवलं. जानेवारी 1903 मध्ये पाणी कालगुर्लीत पोचलं. पाईपलाईन अजून चालू आहे, सुमितच्या नळाला तेच पाणी. मी तर म्हणतो पुतळे हॅननपेक्षा याचे जास्त हवेत.

बाकी मधला इतिहास लहानमोठ्या कंपन्यांचा, शेकडो जुने बोगदे. ऐंशीच्या दशकात अॅलन बाँड नावाच्या उद्योगपतीने सगळ्या एकत्र विकत घ्यायचा घाट घातला, त्याला नाही जमलं, पण 1989 मध्ये सगळं एका कंपनीखाली आलं आणि मोठा खड्डा सुरू झाला. आता 2021 पासून सगळी मालकी नॉर्दर्न स्टार कंपनीची. जुन्या बोगद्यांची भानगड अशी की खड्डा खाली गेला की ते पोकळ भाग मध्येच लागतात, म्हणून आधी भोकं पाडून चाचपायचं आणि मगच मशीन पुढं घ्यायचं.

दगड वर आला की आधी चुरायचा, मग लोखंडी गोळ्यांच्या गिरणीत पाणी घालून पिठासारखा दळायचा. त्यासाठी ते खारं पाणीच वापरतात, त्यामुळे चुना भरपूर लागतो, कारण पुढं सायनाइड आहे आणि ते आंबट झालं तर विषारी वायू सुटतो. पातळ सायनाइडमध्ये सोनं विरघळतं, ही युक्ती 1887 ची, ग्लासगोची. मग त्या गाळात काय टाकतात माहितीय का, नारळाच्या करवंटीचा कोळसा! सोनं जाऊन त्याला चिकटतं, कोळसा गाळून घ्यायचा, गरम द्रावणाने सोनं सोडवायचं, वीज देऊन पोलादी लोकरीवर बसवायचं आणि शेवटी मुशीत सवागी (बोरॅक्स) घालून वितळवायचं. ही शेवटची पायरी तुझ्या आजोबांनी डोळे मिटून केली असती. निघते ती चांदीमिश्रित लगड, शुद्ध करायला पुढं रिफायनरीत.

आणि उरलेलं सगळं, म्हणजे जवळजवळ सगळंच, तिथंच राहतं. दगडाचे सपाट डोंगर आणि गाळाचे मैलभर बांध, त्यातलं सायनाइड सांभाळत बसायचं. सुमितला विचारलं खाण संपल्यावर या खड्ड्याचं काय, तर म्हणे मामा, आधी संपू तर दे.

दिवाळीत तो येतोय, त्याला घेऊन पुण्याला येतो. गिरणीचे व्हिडिओ आहेत त्याच्याकडे, वहिनींना पण बघायला सांग. काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या