सुतारांनी प्रदर्शनाला जरूर जावे, पण मिळून आणि हिशेब करून

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एका गावात मी २२ वर्षे सुतारकाम करीत आहे. दारा-खिडक्यांच्या चौकटींपासून स्वयंपाकघरातील कपाटांपर्यंत सर्व कामे आमच्याकडे होतात आणि माझ्यासोबत चार कारागीर आहेत. लाकूडकामाच्या व्यापारी प्रदर्शनाला जाण्यात आमच्यासारख्यांचा काही फायदा आहे का, यावर आमच्या धंद्यात नेहमी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, तेथे सगळे अर्ध्या किमतीत मिळते. कोणी म्हणतो, ती मोठ्या कारखानदारांची जत्रा आहे, आपण नुसती माहितीपत्रके गोळा करून यायची. तीन प्रदर्शने पाहिल्यानंतर मला दोन्ही मते चुकीची वाटतात. तेथे स्वस्ताई असते हे खरे. पण मोठ्या यंत्रांत ती क्वचितच हाती लागते. पाती, बिट (यंत्रात बसवायची कापणारी टोके), क्लॅम्प (लाकूड घट्ट धरणारे शिकंजे) अशा रोज लागणाऱ्या आणि झिजणाऱ्या वस्तूंत मात्र ती भरपूर असते, आणि चार-पाच जण मिळून गेले तर आणखी वाढते.

बेळगावहून मुंबई आणि बेंगळूर ही दोन्ही शहरे सुमारे ५०० किलोमीटरवर आहेत. मुंबईत गोरेगावला २०२३ मध्ये मुंबईवूड हे लाकूडकामाचे प्रदर्शन भरले होते, तर बेंगळूरला सम वर्षांत इंडियावूड हे प्रदर्शन भरते. फेब्रुवारी २०२४ मधील इंडियावूड मी स्वतः पाहिले. आपल्या भागाला बेंगळूर अधिक सोयीचे आहे, कारण तेथील प्रदर्शन केंद्र तुमकूर रस्त्यावर, म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच, मुख्य शहराच्या अलीकडे आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने यशवंतपूरला उतरावे. तेथून हिरव्या मार्गिकेची मेट्रो नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राजवळच्या मादावर स्थानकापर्यंत जाते. एका रात्री निघून दुसऱ्या रात्री परतीची गाडी धरली, तर लॉजचा खर्च वाचतो. तरीही भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी हा खर्च खरेदी केलेल्या वस्तूंवर वाटून धरला पाहिजे. दोन हजारांची बचत करण्यासाठी तीन हजार खर्चून आलेली माणसे मी पाहिली आहेत.

जाण्यापूर्वी एका वहीत हव्या त्या वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे बेळगावच्या दुकानातील, कोल्हापुरातील आणि ऑनलाइन असे तीन भाव लिहावेत. ही वही हातात नसेल तर गाळ्यावर लावलेला ‘प्रदर्शनाचा खास भाव’ खरोखर खास आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही. छापील किमतीवर ४० टक्के सूट, असे लिहिलेले असते; पण त्या छापील किमतीला आपल्या गावातील दुकानदारही कधी विकत नाही.

माझी स्वतःची फसगत अशीच घाईने झाली. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एक राउटर, म्हणजे लाकडात खाचा आणि नक्षी कोरणारे यंत्र, घेतले. किंमत चांगली होती आणि यंत्रही उत्तम होते, पण त्याचा कॉलेट (बिट धरणारी पकड) अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलीमीटरचा होता, आणि माझ्याकडील सगळे बिट १२ मिलीमीटर दांड्याचे होते. फरक पाऊण मिलीमीटरहूनही कमी असला, तरी असा बिट कॉलेटमध्ये घट्ट बसत नाही आणि हजारो फेऱ्यांच्या वेगात तो सुटला तर हाताला किंवा डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पाव इंच आणि ६ मिलीमीटर यांतही हीच गफलत होते. विक्रेत्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. शेवटी बिटांचा सगळा संच नव्याने घ्यावा लागला आणि वाचलेले पैसे त्यातच गेले.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. फलकावरील कमी किंमत पुष्कळदा नुसत्या यंत्राची असते. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे लिहिलेले यंत्र १८ व्होल्टच्या यंत्राहून जोरदार असते, हाही गैरसमज आहे. दोन्हींत पाचच सेल एका ओळीत जोडलेले असतात; २० हा आकडा पूर्ण भारित बॅटरीचा, तर १८ हा प्रत्यक्ष काम करतानाचा. एकावर एक बॅटरी मोफत, अशी योजना असेल तर अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते याचा आकडा, पाहावेत. १८ व्होल्टच्या १.५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांची शक्ती मिळून ५४ वॅट-तास भरते, तर ४ अँपिअर-तासांची एकच बॅटरी ७२ वॅट-तास देते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वीज जाते तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.

आता ज्या वस्तूंसाठी प्रदर्शनाला जावेच असे मला वाटते, त्यांविषयी. कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या दातांची गोल पाती ही त्यांतील पहिली. बेळगावात साधारणपणे एक-दोन प्रकारची पाती मिळतात आणि तीच आपण सागवानालाही लावतो आणि लॅमिनेटलाही. प्रदर्शनात मात्र एकाच गाळ्यावर, लाकूड उभे चिरण्यासाठी २४ दातांचे आणि प्लायवूड किंवा लॅमिनेटच्या स्वच्छ कडेसाठी ६० ते ८० दातांचे, अशी वेगवेगळी पाती हातात घेऊन पाहता येतात. मधले छिद्र २०, २५.४ की ३० मिलीमीटरचे, हे आपल्या यंत्राशी ताडून पाहावे. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते पाते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. दाताच्या टोकाचे कार्बाइड जाड असेल तर पात्याला अनेकदा धार लावून घेता येते, म्हणून थोडे महाग पाते अखेरीस स्वस्त पडते. २०२४ मध्ये आम्ही पाच जणांनी मिळून २० पाती घेतली, तेव्हा विक्रेत्याने आम्हाला किरकोळ नव्हे तर घाऊक भाव लावला. एकट्याने चार पाती मागितली असती तर त्याने मान वर करून पाहिले नसते.

क्लॅम्पही तेथेच घ्यावेत, कारण वजनदार माल परत नेणे विक्रेत्याला नको असते. पॉलिश पेपर कापडी पाठीचा घ्यावा. नुसत्या कागदी पाठीचा आपल्या पश्चिम भागातील दमट हवेत वाकडा होतो. फेव्हिकॉलसारखा डिंक फार स्वस्त मिळू लागला तर प्रथम डब्यावरील मुदत वाचावी. रंधा किंवा पटाशी घ्यायची तर तळ उजेडाकडे धरून पोलादी पट्टी टेकवून पाहावी. पट्टीखालून उजेड दिसला तर ते हत्यार घेऊ नये. माझे वडील पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत असत. हत्यार असे पारखून घेण्याची सोय ऑनलाइन खरेदीत नाही, आणि मला प्रदर्शनाचे खरे मोल त्यातच दिसते.

मोठ्या यंत्रांचे बहुधा तेथे आरक्षण होते, ताबा नंतर मिळतो. दरपत्रकात लिहिलेल्या १,००,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की १,१८,००० होतात. त्यावर लॉरीभाडे, उतरवण्याची हमाली आणि जोडणीचा खर्च. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याला कराची वजावट मिळते, पण कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) किंवा नोंदणी नसलेल्या कारागिराला तो कर सोसावाच लागतो. मुंबई-कोल्हापूरकडून राज्याच्या सीमेवरील कोगनोळीमार्गे ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल आणायचा तर ई-वे बिल (मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) विक्रेत्याकडून आधीच करून घ्यावे. यंत्राला थ्री-फेज वीज लागते का, हेही विचारावे. आमच्यातील अनेकांकडे सिंगल-फेजच जोडणी आहे. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गाळ्यावर मांडलेली यंत्रे कमी भावात निघतात, हे खरे आहे. तेव्हा फेन्स (लाकूड सरळ सरकवण्याची आधारपट्टी), चाव्या आणि माहितीपुस्तिका सोबत आहेत ना ते पाहून, अनुक्रमांक लिहिलेले बिल घ्यावे आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यावा. दुरुस्ती केंद्र बेळगाव, हुबळी की कोल्हापूर येथे आहे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पैशांची सोय करायची तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत १५,००० रुपयांपर्यंत हत्यारांसाठी साह्य आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज मिळते. ज्यांनी अर्ज केलेला नाही त्यांनी प्रदर्शनाच्या कितीतरी आधी करावा.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या गावातील हार्डवेअरचा दुकानदार पावसाळ्यात काम नसताना आपल्याला उधारीवर माल देतो. एखाद्या वस्तूत फरक शंभर-दोनशे रुपयांचाच असेल, तर ती त्याच्याकडूनच घ्यावी.

माझी सूचना अशी आहे की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथील सुतार बांधवांनी प्रत्येक तालुक्यातून दहा-बारा जणांचा गट करून एकत्र यादी करावी आणि एकत्रच भाव ठरवावा. गाळ्यांवर हिंदी किंवा कानडीत बोलणे निभावते, पण वॉरंटीच्या अटी इंग्रजीत छापलेल्या असतात. म्हणून त्या वाचून दाखवील असा एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत असावी. विक्रेत्यांनीही किमान वॉरंटीच्या अटी कानडी आणि मराठीत छापाव्यात, कारण त्यांचे यंत्र चालवणारा हात बहुतेक वेळा इंग्रजी वाचणाऱ्याचा नसतो.

आपणास विनंती की अशा प्रदर्शनांच्या तारखा, ठिकाण आणि नावनोंदणीची मुदत आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर निदान महिनाभर आधी प्रसिद्ध करावी. आमच्यापैकी बहुतेकांना ही बातमी प्रदर्शन संपल्यावर कळते. पुढच्या खेपेसाठी आमच्या परिसरातील सात जणांनी यादी करण्यास सुरुवात केली आहे.

आपला विश्वासू,
एक सुतार व्यावसायिक,
ता. खानापूर, जि. बेळगाव