गँगवेवरच्या खलाशाला आपण काय शिकवतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तांबड्या समुद्रातील हल्ल्यांच्या किंवा सोमाली चाच्यांच्या बातम्या आल्या की जहाजांच्या सुरक्षेची चर्चा युद्धनौका, ड्रोन आणि सशस्त्र रक्षक यांच्याभोवती फिरते. रोजची सुरक्षा मात्र जहाजावरचा सुरक्षा अधिकारी, बंदरातला सुरक्षा अधिकारी आणि गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीवर, पहारा देणारा खलाशी या तिघांच्या हातात असते. त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेवरील 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) डिसेंबर 2002 मध्ये जहाजे आणि बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस कोड स्वीकारला आणि 1 जुलै 2004 पासून तो लागू झाला. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी प्रवासी जहाजे, 500 ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचे माप) आणि त्यावरील मालवाहू जहाजे आणि ती जिथे लागतात त्या बंदर-सुविधा, असे सगळे त्याच्या कक्षेत येतात. यात एक असमतोल पहिल्यापासून राहिला आहे. जहाजावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रशिक्षण एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले आहे. त्याला किमान 12 महिन्यांची मान्य समुद्रसेवा किंवा तत्सम अनुभव लागतो, क्षमता सिद्ध करावी लागते, मगच प्रमाणपत्र मिळते. बंदरातल्या अधिकाऱ्याला हा करार लागूच होत नाही, कारण तो खलाशांसाठीचा करार आहे. त्याला पुरेसे ज्ञान आणि प्रशिक्षण हवे, एवढेच कोड सांगतो. आयएमओने 2006 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या खऱ्या, पण त्या कितपत काटेकोरपणे पाळायच्या हे प्रत्येक देश आपापले ठरवतो.

याचा परिणाम धक्क्यावर दिसतो. समजा, जहाज सुरक्षा पातळी 2 वर (वाढीव धोका) आहे आणि बंदर पातळी 1 वर (नेहमीची स्थिती). अशा वेळी जहाज ‘डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी’, म्हणजे सुरक्षेची कामे वाटून घेण्याचा लेखी करार, मागू शकते. प्रवेशावर नियंत्रण कोणाचे, धक्क्याकडच्या बाजूवर नजर कोण ठेवणार, पाण्याकडच्या बाजूवर कोण, जहाजात चढणारा माल कोण तपासणार, हे त्या कागदावर ओळीओळीने वाटून घ्यायचे असते. प्रत्यक्षात दोन्हीकडून सगळ्या चौकटींत खुणा होतात आणि सह्या पडतात. पाण्याकडची बाजू दोघांच्याही नावावर असते, आणि म्हणूनच तिथे कुणीच नसते. हा कागद भरायचा सराव दोन्ही अधिकाऱ्यांना एकाच टेबलावर बसवून द्यायला हवा. निम्मा अभ्यासक्रम एकत्र घेतला तरी पुष्कळ फरक पडेल.

आता गँगवे. कामाची शिस्त सरळ आहे: आलेल्या माणसाला शिडीच्या तोंडाशीच थांबवायचे, ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडायचा, तो अपेक्षितांच्या यादीत आहे का ते पाहायचे, नसेल तर ड्युटी ऑफिसरला रेडिओवर विचारायचे, बॅग तपासायची, नोंद करायची, पास द्यायचा आणि सोबत माणूस देऊनच आत सोडायचे. चूक बहुतेक वेळा गणवेशापाशी होते. हेल्मेट, चमकते जॅकेट आणि हातात फाइल दिसली की खलाशी बाजूला होतो. अनेक तपासनीस मुद्दाम ओळखपत्र न दाखवता चढून पाहतात, ते याचसाठी. वरिष्ठ दिसणाऱ्या माणसाला नम्रपणे, पण ठामपणे अडवणे पुस्तकातून येत नाही. प्रशिक्षकाने स्वतः रागावलेला अधिकारी बनून खलाशावर चार-पाचदा दबाव आणला की ते अंगवळणी पडते. दुसरी अडचण मनुष्यबळाची. तोच एकटा खलाशी भरती-ओहोटीप्रमाणे शिडी वरखाली करतो आणि दोर सैल पडले की तेही बघतो. तेवढा वेळ गँगवे उघडा राहतो. तो हलला की त्याच्या जागी कोण, हे योजनेत पदासह लिहिलेले हवे.

जहाजावर आणि बंदरात किमान दर तीन महिन्यांनी ड्रिल आणि दर कॅलेंडर वर्षात एक मोठा सराव व्हावा, दोन मोठ्या सरावांत 18 महिन्यांहून जास्त अंतर नसावे, असा नियम आहे. जहाजावरचे 25 टक्क्यांहून अधिक लोक बदलले आणि नव्या लोकांनी गेल्या तीन महिन्यांत त्या जहाजावर ड्रिल केलेले नसेल, तर आठवड्याच्या आत ड्रिल घ्यायचे. बऱ्याच ठिकाणी हे सकाळी दहाला, आधी घोषणा करून, सगळ्यांना गोळा करून, फोटो काढून उरकले जाते. आमच्या मते ते ड्रिलच नव्हे. निम्मे लोक किनाऱ्यावर गेलेले असताना रात्री एक अनोळखी पुडके इंजिनरूममध्ये ठेवावे आणि घड्याळ लावावे. शोध जोडीने घ्यायचा, आणि तोही त्याच जागेत रोज काम करणाऱ्यांनी, कारण तिथे नसायला हवे ते त्यांच्याच नजरेत भरते. वस्तूला हात लावायचा नाही, जवळ रेडिओ वापरायचा नाही, तपासून झालेल्या जागेवर खूण करायची. पहिल्या खऱ्या ड्रिलमध्ये हमखास दिसते की दोन जोड्यांनी एकच जागा शोधली आणि एक जागा कुणीच पाहिली नाही.

लपून चढणाऱ्यांचा शोधही असाच. होल्ड (मालाची कोठारे), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची जागा), लाइफबोटी, क्रेनची केबिन हे सगळे बघतात. रडर ट्रंक, म्हणजे सुकाणूच्या वरची पोकळी, राहून जाते. नोव्हेंबर 2022 मध्ये लागोसहून निघालेल्या टँकरच्या रडरवर बसून तिघे जण अकरा दिवसांनी कॅनरी बेटांवरील लास पाल्मासला पोहोचले, हे जगाने पाहिले. रिकामे जहाज पाण्याबाहेर जास्त उचललेले असते, तेव्हा ही पोकळी उघडी पडते. निघण्यापूर्वी ती बोटीतून पाहावी लागते, डेकवरून दिसत नाही.

कंटेनरच्या दारावरच्या क्रमांकित सीलबाबत प्रशिक्षण फारच वरवरचे असते. क्रमांक कागदाशी जुळला की काम संपले असे मानले जाते. सील नीट निरखायचे, क्रमांक ताडायचा, जोरात ओढायचे आणि शेवटी पिळून पाहायचे. कापून डिंकाने चिकटवलेला सीलचा बोल्ट ओढताना टिकू शकतो, पिळताना सुटतो. सीलला हात न लावता दाराच्या हँडलचे रिव्हेट काढूनही कंटेनर उघडता येतो, म्हणून रिव्हेटवरचा ताजा रंग आणि ओरखडेही बघायला शिकवले पाहिजे. अमली पदार्थांच्या टोळ्या दाराला लागूनच बॅगा ठेवतात आणि मूळ क्रमांकाचेच बनावट सील लावतात. नुसता क्रमांक वाचणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही.

हल्ला झाल्यास वापरायच्या गुप्त इशारा यंत्रणेची किमान दोन बटणे जहाजावर असतात, त्यातले एक ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात. दाबल्यावर जहाजावर आवाज होत नाही, संदेश थेट किनाऱ्यावर जातो. चाचणीत बटण चालते, पण संदेश कंपनी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जातो, असे होऊ शकते. म्हणून चाचणीपूर्वी ध्वजराष्ट्राला (जहाज जिथे नोंदलेले आहे त्या देशाला) आणि कंपनीला कळवायचे आणि तो कुणी, किती मिनिटांत वाचला याची नोंद घ्यायची. सिटाडेलचेही, म्हणजे हल्ल्याच्या वेळी सगळ्यांनी आत जाऊन दार लावून घ्यायच्या सुरक्षित खोलीचेही, तसेच. एकही माणूस बाहेर राहिला, किंवा आत स्वतंत्र आणि खात्रीचे दुतर्फा संपर्कसाधन नसले, तर नौदल सुटकेसाठी चढेल याचा भरवसा धरता येत नाही. जवळच्या अंतराचा व्हीएचएफ रेडिओ पुरेसा नाही. आत बसून, दार बंद करून सॅटेलाइट फोन प्रत्यक्ष लावून पाहायला हवा.

संगणकाचा भाग अनेक अभ्यासक्रमांत एका तासात आटोपतो. अँटवर्प बंदरात 2011 पासून तस्करांनी हॅकर लावून कंटेनरच्या जागा शोधल्या आणि माल मालकाच्या आधीच उचलला, हे 2013 मध्ये उघड झाले. बंदरातल्या कारकुनालाही सुरक्षा प्रशिक्षण हवे ते यासाठी.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. बंदर सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांसोबत धक्क्यावरची प्रात्यक्षिक चाचणी असावी आणि तिचे गुण वेगळे धरावेत. आणि मालाची जबाबदारी असलेल्या चीफ ऑफिसरवरच (कप्तानाखालच्या अधिकाऱ्यावर) सुरक्षा अधिकाऱ्याचे काम असेल, तर माल चढवण्या-उतरवण्याच्या दिवसांत त्याचे 24 तासांतले किमान 10 तास विश्रांतीचे खरोखर मिळतात का, हे तपासनीसांनी सुरक्षा नोंदींसोबतच ताडावे. पहाटे तीनला ड्रिल झाल्याची नोंद आणि त्याच वेळी विश्रांतीची नोंद असेल, तर दोहोंपैकी एक खोटी आहे.

आपले,
जहाज व बंदर सुरक्षा प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील काही वाचक