खोलीचा आवाज

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. न. वि. वि.

चौदा मिनिटांची आपली फिल्म अखेर पूर्ण झाली. श्रेयनामावलीत तुमचं नाव 'ध्वनी साहाय्य' एवढ्याच ओळीत आलंय आणि ते मला सलतंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांनी फिल्म पाहिली नाही त्यांच्यासाठी: भविष्यातला एक माणूस जमिनीखालच्या केंद्रात एकटा राहतोय. खिडकी नाही, घड्याळ नाही. ही खोली खरी की आपल्याच मनाने रचलेली, हे त्याला हळूहळू कळेनासं होतं. कल्पना सुचली ती मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञावरून. १९६२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. प्रयोग संपल्याचं त्याला कळवलं तो दिवस १४ सप्टेंबर होता. त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट! वरच्या साथीदारांना फोन करून तो सेकंदाला एक अशा अंदाजाने १२० आकडे मोजायचा. मोजून होईपर्यंत पाच मिनिटं गेलेली असायची.

मी मात्र पडद्यावर भिंती वितळवत बसलो होतो. चेहरा दुभंगतोय, छत वाकतंय. पहिला कट पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला हे कळत नाहीये ना? मग मला का कळतंय?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

शूटिंगच्या दिवशी भाड्याचा माईक ऐनवेळी बंद पडला, तेव्हा तुम्ही सांगलीहून एसटीने पुण्याला आलात. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला तुमचा जुना माईक काढलात. मग पंखा बंद, फ्रिज बंद, सगळ्यांच्या चपला बाहेर. हेडफोन लावून, डोळे मिटून तुम्ही दोन मिनिटं नुसती रिकामी खोली रेकॉर्ड केलीत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे मला तोवर कुणी ऐकवलंच नव्हतं. नंतर तुम्ही जिन्याखालच्या अडगळीतही तेवढीच शांतता टिपलीत.

नवव्या मिनिटाला भिंती त्याच दिसतात, पण शांतता त्या अडगळीची आहे. आणि नळाचा थेंब! सुरुवातीला सेकंदाला एक पडतो, शेवटी अडीच सेकंदांनी. तो हिशेब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडलात: तीनशे सेकंद भागिले एकशेवीस. सिफ्रच्या गुहेतला वेळ प्रेक्षकाच्या कानात उतरला तो असा. वितळणाऱ्या भिंती मी सगळ्या काढून टाकल्या.

पहिल्या खेळानंतर एक मुलगी थांबली होती. लॉकडाऊनमध्ये ती हॉस्टेलवर एकटीच अडकली होती. म्हणाली, "मध्येच मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी दार लावून घेतलं. मी वळून पाहिलं." कुठे वाटलं, तर तिने बरोबर नववं मिनिट सांगितलं. मला तेव्हा तुमचे मिटलेले डोळे आठवले.

काका, तुम्ही मानधन घेतलं नाहीत. तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तुमचे आभार कसे मानू?

रविवारी सांगलीला येतोय, फिल्म घेऊन. माईक त्याच टॉवेलात जपून ठेवलाय, तोही आणतो. काकूंना सांगा, चहा फिल्मनंतर घेऊ. पाहताना पंखा बंद ठेवायचाय.

तुमचाच,
फिल्मवाला मुलगा