पुन्हा पहिल्या पायरीवर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, एमडी होऊन सहा वर्षं पेशंट बघितले, आणि अमेरिकेत पुन्हा इंटर्नपासून सुरुवात?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसले.

परीक्षांचा राग धरू नकोस. मागे मला दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा मी सारखी सांगत होते, "जीव घाबरतोय." डॉक्टरांची भाषा वेगळी. त्यांना वाटलं मी भ्यायलेय. त्यांनी प्रेमाने धीर दिला, पण नाडी हातात घ्यायला वेळ गेला. ज्ञानात ते कुठेच कमी नव्हते गं. पेशंटचं बोलणं कळणं हे निराळंच शिक्षण आहे. म्हणून यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या जोडीला, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी ईसीएफएमजी ही संस्था ओईटी ही इंग्रजीची परीक्षा मागते, त्यात मला तुझा अपमान दिसत नाही. उलट, खऱ्या माणसाला पेशंट म्हणून समोर बसवून घेतली जाणारी स्टेप 2 सीएस ही यूएसएमएलईमधलीच परीक्षा 2021 मध्ये कायमची बंद केली, याचंच मला वाईट वाटतं.

रेसिडेन्सीचं, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात पुन्हा करायच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचं, मात्र मलाही पटत नाही. तिथल्या डॉक्टरांपैकी साधारण दर चौथा डॉक्टर बाहेरच्या देशात शिकलेला, तरी अनुभवी माणसाला ते नवशिक्यांच्या रांगेत उभं करतात. हा अन्यायच आहे, आणि तुला रडू आलं त्यात तुझं काही चुकलं नाही. टेनेसीने 2023 मध्ये कायदा करून परदेशात तयार झालेल्या डॉक्टरांना रेसिडेन्सीशिवाय, देखरेखीखाली तात्पुरता परवाना देण्याची वाट काढली. मागून आणखी काही राज्यंही निघाली. पण त्यावर विसंबू नकोस. बोर्ड सर्टिफिकेशनसाठी, म्हणजे त्या विषयातला तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळायला, बहुतेक वेळा तिथलीच रेसिडेन्सी लागते, आणि ते नसेल तर चांगली हॉस्पिटलं दार उघडायला कचरतात.

आणखी एक. यूएसएमएलईच्या स्टेप 1 ला 2022 पासून नुसतं पास-नापास असतं, त्यामुळे सगळं वजन स्टेप 2 सीके या पुढच्या टप्प्याच्या गुणांवर येतं. एकदा पास झालीस की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. तयारी कच्ची वाटली तर तारीख पुढे ढकल. लोक काय म्हणतील ते मी बघते.

मार्चमध्ये मॅचच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या, आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढंच कळतं, कुठे ते शुक्रवारी. ते दिवस मी तुझ्याजवळ येऊन राहीन.

तुझी,
आई