स्वीनीवरून तुझ्याशी थोडं भांडायचंय

प्रिय बाळ्या,

तू लिहिलंस की गेमच्या धंद्यातले मालक सगळे एका माळेचे मणी, आधी पोरांच्या हट्टावर आईबापाचे पैसे उकळायचे आणि नाव खराब झालं की दानधर्म करून फोटो काढायचे. अर्धं पटलं. पण टिम स्वीनीला त्यात सरसकट कोंबू नकोस, त्याच्या बाबतीत तारखाच जुळत नाहीत.

फोर्टनाइट हा ऑनलाइन गेम काढणाऱ्या एपिक कंपनीचा हा मालक. मला त्याची सुरुवात जास्त आवडते. १९९१ मध्ये, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत असताना, मेरीलँडमधल्या पोटोमॅकला आईवडलांच्या घरून त्याने झेडझेडटी नावाचा गेम विकायला काढला. ग्राफिक्स म्हणजे काय तर नुसती अक्षरं आणि चिन्हं, हिरो म्हणजे एक हसरा चेहरा, बास. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर टपालाने पैसे पाठवा, आणि पत्ता घरचाच! आधी तो टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर, लिहीत होता म्हणे, त्यात खेळण्यासारखं काहीतरी घालत गेला आणि त्याचा गेम झाला, आणि गेम बनवायचा एडिटरही त्याने सोबत देऊन टाकला, मग लोक त्यात स्वतःचे गेम बनवायला लागले. पुढे १९९८ ला त्यांचा अनरिअल हा गेम आला, त्याचं इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर बनतो ते सॉफ्टवेअर, दुसऱ्या कंपन्यांना वापरायला दिलं, २०१५ पासून तर इंजिन फुकटच, गेम चालला तर ५ टक्के द्या. हत्यार लोकांच्या हातात द्यायचं आणि मग कमवायचं, ही सवय तेव्हापासूनची.

आता तारखा बघ. एपिक १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला गेली. २००८ ला घरांचा बाजार कोसळला, बिल्डरांचे मोठमोठे प्रोजेक्ट बुडाले, जमिनी पडत्या भावात निघाल्या, आणि याने त्या घ्यायला सुरुवात केली, काही बांधायला नाही, तिथे कोणी काही बांधू नये म्हणून. फोर्टनाइट आला २०१७ ला! म्हणजे नाव खराब व्हायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस जंगलं विकत घेतोय.

बॉक्स क्रीकचा किस्सा तर वाचच कुठेतरी. नॉर्थ कॅरोलायनातलंच, त्याने घेतलेलं डोंगरपायथ्याचं सुमारे ७,००० एकर जंगल, १३० च्या वर दुर्मिळ आणि धोक्यातल्या जातींची झाडंप्राणी, आणि वीजवाल्यांना मधूनच लाइन न्यायची होती. मालकी असून उपयोग काय, जमीन सक्तीने घेता येते. शेवटी २०१६ मध्ये त्याने तिथला कॉन्झर्व्हेशन ईझमेंट अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला, म्हणजे तिथल्या सरकारी वन्यजीव खात्याला, देऊन टाकला. हा प्रकार भारी आहे, सातबारा तुझ्याच नावावर राहतो म्हण, पण त्यावर बांधकाम करायचा, प्लॉट पाडायचा हक्क तू कायमचा सोडून देतोस, उद्या जमीन विकलीस तरी नवा मालक त्याच अटीत अडकतो. तिथल्या कायद्यात अशा दानाला टॅक्समध्ये सवलत मिळते हेही सांगून ठेवतो, नाहीतर तू लगेच तेच काढशील.

आणि २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्याच रोन हायलँड्स या डोंगराळ भागातली ७,५०० एकर जमीन तर सरळ एका संवर्धन संस्थेला देऊन टाकली. त्या राज्यात कुणा खाजगी माणसाने संवर्धनासाठी एवढी जमीन दान केल्याचं याआधी झालं नव्हतं.

संत वगैरे नाहीये तो, एवढं मलाही कळतं. मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल आणि फसव्या बटणांनी खरेदी करायला लावल्याबद्दल एपिकने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ५२ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे. पुढच्याच वर्षी ८३० च्या आसपास लोकांना घरी बसवलं, आणि वर कबुली काय, तर कमाईपेक्षा खर्च जास्त होत होता. त्या आठवड्यात नोकरी गेलेल्याला तू ७,५०० एकरांचं सांगायला गेलास तर तो काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. ॲपल आणि गूगलशी कोर्टात भांडला त्यातही अर्धा स्वार्थच, त्यांच्या ॲप स्टोअरचं ३० टक्के कमिशन त्यालाच तर चुकवायचं होतं. पण त्याच्या स्वतःच्या गेम विकायच्या ऑनलाइन स्टोअरचं कमिशन २०१८ पासून १२ टक्के होतं, हेही धर ना हिशेबात.

तर त्याच्या कंपनीला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी मध्ये पडणार नाही, फक्त जमिनीला त्या पापाची भरपाई म्हणू नकोस. आणि तुझ्या यादीतला दुसरा कोणी असाच निघाला तर कळव, पण तारखांसकट.

तुझाच,
नंद्या